फॉरमॅट मारण्याआधी: कॉम्प्युटर दुरुस्तीचा पेनड्राइव्ह कसा तयार करायचा

लॅपटॉप चालू होईना म्हणून दुकानात नेला की बहुतेक वेळा पहिलं वाक्य एकच ऐकू येतं: "फॉरमॅट मारावा लागेल." दुकानदाराला तरी किती बोल लावायचा? त्याच्या टेबलावर आधीच पाच-सहा मशिन उघडून पडलेली असतात, आणि सगळं पुसून नवी विंडोज टाकणं हे त्याच्या दृष्टीनं सगळ्यात झटपट काम. पण त्या डिस्कवर मुलीच्या बारशापासूनचे फोटो असतात, सोसायटीचा हिशेब असतो, कुणाचा अर्धामुर्धा प्रबंध असतो. आणि कितीतरी बिघाड असे असतात, की त्यांच्यासाठी एकही फाइल पुसावी लागत नाही.

बिघाड तशातला आहे का, हे घरच्या घरी पाहता येतं. त्यासाठी एक बऱ्यापैकी पेनड्राइव्ह, एक सुट्टीची दुपार आणि चांगलं इंटरनेट लागतं. सॉफ्टवेअर सगळं फुकट आणि कायदेशीर मिळतं.

आधी हे चालतं कसं ते पाहू. पॉवरचं बटण दाबल्यावर विंडोज लगेच जागी होत नाही. आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम उठतो. जुन्या मशिनवर तो बायॉस, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मशिनवर यूईएफआय. रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना हे तो बघतो आणि मग 'आता चालू कुठून करायचं' ते ठरवतो. रोजच्याला उत्तर आतली डिस्क हेच असतं. पण आपण सांगितलं तर तो पेनड्राइव्हवरूनही चालू करतो. तसं झालं की पेनड्राइव्हवरची ऑपरेटिंग सिस्टम चालू होते आणि आतली विंडोज झोपलेलीच राहते. आतून कडी लागलेल्या घरात मागच्या दारानं शिरावं तसं हे. विंडोज उडालेली असो, व्हायरसनं भरलेली असो किंवा निळ्या स्क्रीनवर अडकलेली असो, तिच्या फायली आता नुसत्या फायली असतात. त्या बघता येतात, उचलून दुसरीकडे नेता येतात.

यातून निदानाचं एक साधं तंत्र मिळतं, आणि माझ्या मते या पेनड्राइव्हची निम्मी किंमत त्यातच वसूल होते. पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टम, चालू करायचं आणि अर्धा तास मशिन वापरायचं. आवाज येतो का, वायफाय पकडतं का, कीबोर्डच्या सगळ्या कळा चालतात का. सगळं सुरळीत असेल तर मशिन बहुधा ठीक आहे, घोळ विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. तिथंही मशिन अडकत असेल, आपोआप बंद पडत असेल, तर विंडोज शंभर वेळा टाकली तरी उपयोग नाही, कारण दुखणं हार्डवेअरमध्ये आहे. 'फॉरमॅट मारूनही परत तेच' ही तक्रार बहुतेक याच घरातून येते.

फॉरमॅटशिवाय, नुसत्या पेनड्राइव्हनं काम होतं हे मोठ्या प्रमाणावर दिसलं ते १९ जुलै २०२४ ला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे त्यांची संख्या ८५ लाख होती. भारतातल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते त्याच दिवशी. आणि उपाय काय होता? एका फोल्डरमधली एक फाइल पुसायची. पण विंडोज चालूच होत नसेल तर त्या फोल्डरपर्यंत पोचायचं कसं? मायक्रोसॉफ्टनं दोनेक दिवसांत पेनड्राइव्हवरून चालवायचं दुरुस्तीचं साधन काढलं, आणि आयटीवाली मंडळी ते खिशात टाकून एकेका टेबलाशी गेली. फॉरमॅट मारायचं कारणच नव्हतं.

त्या दिवशी आणखी एक अडचण उघडी पडली, तीही आत्ताच सांगतो, कारण घरच्या लॅपटॉपवरही ती गाठतेच. अनेक मशिनच्या डिस्कवर बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कवरची माहिती सांकेतिक करून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचं, कुलूप होतं. कुलूपबंद डिस्क बाहेरून उघडायला गेलं की ४८ आकडी रिकव्हरी की मागते. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की हे कुलूप बऱ्याचदा न विचारताच लागतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. म्हणून पेनड्राइव्ह करायला घेण्याआधीच घरातल्या प्रत्येक लॅपटॉपची ही किल्ली शोधा, कागदावर उतरवा आणि घराची कागदपत्रं जिथं ठेवता तिथं ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र नको, चोराची सोय होईल. किल्ली हरवली तर मायक्रोसॉफ्टही डिस्क उघडून देऊ शकत नाही. मग मात्र खरोखरच फॉरमॅट.

आता पेनड्राइव्ह. ६४ जीबी भरपूर झाला, ३२ जीबीतही भागतं. यूएसबी ३ चा घ्या, कारण २ च्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू होता होता चहा होतो आणि निवतोही. एका बाजूला साधी पिन आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी असे दुतोंडी पेनड्राइव्ह मिळतात, ते बरे, कारण नव्या पातळ लॅपटॉपना जुनं भोकच नसतं.

फसवणूक होते ती क्षमतेत. मुंबईत लॅमिंग्टन रोड असो, पुण्यात तपकीर गल्ली असो की ऑनलाइन सेल, किंमत फारच कमी दिसली तर शंका घ्यावी. नकली पेनड्राइव्हच्या आतली चिप ८ जीबीची असते, पण तिच्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. विंडोजला तो १२८ जीबी सांगतो. पहिले ८ जीबी नीट भरतात. पुढच्या फायली भरल्यासारख्या दिसतात, नावं दिसतात, आकार दिसतात, पण उघडायला गेलं की आत काहीच नाही. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर हे उघडं पाडतं. ते सगळा पेनड्राइव्ह ठरावीक माहितीनं काठोकाठ भरतं आणि परत वाचून ताडून पाहतं. वेळ खातं, पण नव्या पेनड्राइव्हवर पहिलं काम हेच करा.

पूर्वी एका पेनड्राइव्हवर एकच सिस्टम टाकता यायची. विंडोजचा वेगळा, लिनक्सचा वेगळा, आणि दर वेळी रुफस या सॉफ्टवेअरनं पुसून नवा बनवायचा. रुफस अजूनही उत्तम आहे, पण अनेक सिस्टम एकत्र हव्या असतील तर व्हेंटॉय वापरतात. २०२० मध्ये आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर दुरुस्तीवाल्यांमध्ये भराभर पसरलं ते त्याच्या सोपेपणामुळे. पेनड्राइव्हवर ते एकदा बसवायचं, नंतर आयएसओ फायली साध्या कॉपी-पेस्टनं टाकत जायच्या. कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून चालू केला की त्या फायलींची यादी समोर येते, बाणाच्या कळीनं हवी ती निवडायची. आयएसओ म्हणजे जुन्या काळच्या इन्स्टॉलेशनच्या सीडीची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल.

बसवणं दोन मिनिटांचं काम आहे. व्हेंटॉयची झिप फाइल त्याच्या मूळ साइटवरून उतरवा, उघडा, आतला प्रोग्राम चालवा. वरच्या रकान्यात पेनड्राइव्हचं नाव आणि आकार दिसतो. इथं थांबा आणि नीट वाचा. दुसरी एखादी बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर आधी काढून ठेवा, कारण 'इन्स्टॉल' दाबलं की निवडलेल्या ड्राइव्हवरचं सगळं जातं. व्हेंटॉय 'नक्की ना?' असं दोनदा विचारतं ते उगाच नाही. पुढं व्हेंटॉयची नवी आवृत्ती आली तर 'अपडेट' दाबायचं, त्यानं आतल्या फायली जात नाहीत.

झाल्यावर पेनड्राइव्हवर दोन भाग पडलेले असतात. एक मोठा, एक्सफॅट पद्धतीचा, तुमच्या फायलींसाठी. दुसरा ३२ एमबीचा, व्हेंटॉयच्या स्वतःच्या कामाचा, त्याला हात लावायचा नाही. मोठा भाग एक्सफॅट असण्याचा फायदा असा की जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, आणि विंडोज ११ ची आयएसओ त्याहून बरीच मोठी असते. याच भागात साधे फोल्डर करून बाकीची सॉफ्टवेअरही ठेवता येतात.

एक गोष्ट सांगायला हवी. व्हेंटॉयच्या आत आधीच तयार करून ठेवलेल्या काही बायनरी, म्हणजे माणसाला वाचता न येणाऱ्या, फायली आहेत, त्यांचा उगम तपासणं सोपं नाही, असा आक्षेप मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात घेतला गेला आहे. तो अगदीच पोकळ नाही. घरच्या वापराला मी व्हेंटॉय सुचवतो. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या मशिनना हात लावत असाल तर एकाच कामाचा, रुफसनं बनवलेला पेनड्राइव्ह बरा.

पेनड्राइव्ह जोडून लॅपटॉप चालू केला की तो आपोआप पेनड्राइव्हवरून सुरू होईलच असं नाही. चालू होताना बूट मेन्यूची कळ टिचक्या मारत दाबत राहायची. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप, एमएसआयवर एफ११. एसरवर एफ१२ असते, पण काही मॉडेलांवर आधी बायॉसच्या सेटिंगमध्ये जाऊन ती कळ चालू करावी लागते. कळ लागलीच नाही आणि विंडोज चालू होते आहे, तर शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' दाबा. निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' असा पर्याय येतो, तिथून पेनड्राइव्ह निवडता येतो.

पुढचा अडथळा सिक्युअर बूटचा. ओळखीची सही नसलेला प्रोग्राम चालू होऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. त्यामुळे व्हेंटॉय एखाद्या लॅपटॉपवर पहिल्यांदा चालवलं की 'व्हेरिफिकेशन फेल्ड' असा निळा पडदा येतो आणि मंडळी घाबरून पेनड्राइव्ह उपटून काढतात. घाबरू नका. 'ओके' करा, पुढच्या पडद्यावर लगेच कुठलीही कळ दाबा, 'एनरोल की फ्रॉम डिस्क' निवडा, व्हेंटॉयचा छोटा भाग उघडा आणि आतली एकुलती एक की-फाइल निवडून 'कंटिन्यू', 'येस', 'रीबूट'. त्या लॅपटॉपवर हे पुन्हा करावं लागत नाही. काही नव्या लॅपटॉपवर, विशेषतः थिंकपॅडवर, मायक्रोसॉफ्टखेरीज इतरांच्या सह्यांना परवानगी देणारी वेगळी सेटिंग आधी चालू करावी लागते. सिक्युअर बूट सरळ बंद करून टाका असं सांगणारे खूप भेटतील. त्यानं काम होतं, पण सेटिंग बदलली हे लक्षात येताच पुढच्या खेपेला बिटलॉकर किल्ली मागू शकतो. ती कागदावर आहे ना? मग ठीक.

आता भरायचं काय. 'पाचशे टूल्सचा पेनड्राइव्ह' अशा जाहिराती दिसतात. त्यांच्या नादी लागू नका. पाच-सहा आयएसओ पुरतात, आणि त्या कुठल्या क्रमानं वापरायच्या हे माहीत असणं जास्त मोलाचं. आधी फायली बाहेर काढायच्या, मग निदान, मग दुरुस्ती. हा क्रम उलटा झाला की रडायची वेळ येते, कारण दुरुस्तीचं जवळजवळ प्रत्येक साधन डिस्कवर काहीतरी लिहितं. विंडोजमधल्या, डिस्क तपासणाऱ्या चेकडिस्कसारखं निरुपद्रवी वाटणारं साधनसुद्धा मरत आलेल्या डिस्कला तासन् तास राबवतं, आणि तेवढ्यात ती उरलासुरला जीव सोडते.

पहिली आयएसओ लिनक्स मिंटची, साधारण ३ जीबी. विंडोज वापरणाऱ्याला तिचा चेहरा ओळखीचा वाटतो आणि काहीही इन्स्टॉल न करता ती थेट चालवता येते. तिच्यात आतली डिस्क उघडायची आणि फायली दुसऱ्या, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करायच्या. बिटलॉकरचं कुलूप असेल तर किल्ली देऊन ते लिनक्समधूनही निघतं. डिस्क उघडते पण 'फक्त वाचता येईल' असं म्हणते, तेव्हा कारण बहुधा विंडोजचं फास्ट स्टार्टअप असतं. त्यात 'शटडाउन' केलं तरी विंडोज पुरती बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि झोपलेल्या विंडोजच्या डिस्कवर लिनक्स लिहायला तयार होत नाही. कॉपी करण्यापुरतं वाचता आलं तरी आपलं काम झालं, जबरदस्ती करू नये.

दुसरी विंडोज ११ ची मूळ आयएसओ, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून. ती केवळ नवी विंडोज टाकायला असते असा समज आहे. तिच्यावरून चालू करून इन्स्टॉलऐवजी 'रिपेअर'चा पर्याय घेतला की स्टार्टअप रिपेअर मिळतं, नुकतंच आलेलं अपडेट काढून टाकता येतं आणि कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करून हुकूम देण्याची काळी खिडकी, उघडता येतो. लिनक्सची धास्ती वाटते त्यांच्यासाठी इथं एक जुनी युक्ती आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत notepad असं टाइप करून एंटर मारा. रिकामं नोटपॅड उघडेल. त्यात 'फाइल' आणि 'ओपन' केलं, खाली 'ऑल फाइल्स' निवडलं की समोर डिस्कवरचे सगळे फोल्डर दिसतात. माउसची उजवी कळ दाबून 'कॉपी', मग बाहेरची डिस्क उघडून 'पेस्ट'. ओपनच्या त्या छोट्याशा खिडकीतून अख्खा फोटोंचा फोल्डर सुखरूप बाहेर येतो. फक्त इथं सी ड्राइव्हला डी किंवा ई असं नाव पडलेलं असू शकतं, तेव्हा नुसत्या अक्षरावर न जाता आत डोकावून खात्री करा.

तिसरी मेमटेस्ट८६ प्लस, जेमतेम काही एमबीची. ही फक्त रॅम तपासते. कधी निळी स्क्रीन, कधी मध्येच बंद, आणि दर वेळी चूक वेगळी, असा प्रकार असेल तर पहिला संशय रॅमवर घ्यायचा. एक पूर्ण फेरी होऊ द्या, जमलं तर रात्रभर लावून ठेवा. लाल रंगात एक जरी चूक आली तरी रॅम नापास. 'एकच तर आहे' असं इथं चालत नाही. नवी रॅम आणण्याआधी मात्र मशिन बंद करून, बॅटरी सोडवून, रॅमची पट्टी काढा, तिचे सोनेरी दात साध्या खोडरबरनं हलकेच पुसा, भुगा झटका आणि घट्ट बसवून पुन्हा तपासा. आपल्याकडच्या दमट हवेत बिघाड इतक्यावरच भागल्याचं पुष्कळदा दिसतं.

चौथी सिस्टमरेस्क्यू. ही गंभीर दुखण्यांसाठी, आणि जरा रुक्ष. हिच्यातलं डीडीरेस्क्यू हे साधन समजून घेण्यासारखं आहे. खराब व्हायला लागलेल्या डिस्कवरून साध्या पद्धतीनं कॉपी करायला गेलं की एका खराब जागेवर ती अडते, खरखरते आणि सगळंच थांबतं. डीडीरेस्क्यू पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं आणि खराब जागा सोडून पुढं जातं. त्या सोडलेल्या जागांकडे नंतरच्या फेऱ्यांत चिकाटीनं वळतं. कुठवर आलो याची नोंद ते एका नकाशा-फाइलमध्ये ठेवत जातं, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. आधी अशी पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करायचे. याच आयएसओत टेस्टडिस्क आणि फोटोरेक आहेत. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा पाडलेला भाग, उडालं असेल तर पहिलं, चुकून पुसलेले फोटो शोधायचे असतील तर दुसरं. फोटोरेकनं सापडलेल्या फायली त्याच डिस्कवर कधीही ठेवू नका, नाहीतर सापडलेला एक फोटो न सापडलेल्या दुसऱ्यावर जाऊन बसेल. एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर चालणाऱ्या नव्या डिस्कवर, पुसलेलं परत मिळायची आशा फार धरू नये. फाइल पुसली की विंडोज एसएसडीला तसं कळवते आणि एसएसडी ती जागा स्वतःच रिकामी करून टाकते.

पाचवी क्लोनझिला, सगळ्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्यायला. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकताना ही लागते. आणि सहावी, हवी असेल तर, हिरेन्स बूटसीडी पीई. जुन्या दुरुस्तीवाल्यांना 'हिरेनची सीडी' आठवत असेल. तिची मूळ मालिका २०१२ मध्ये थांबली, आताची पीई आवृत्ती नव्या विंडोजच्या गाभ्यावर उभी आहे आणि फुकट मिळणारी साधनंच तिच्यात असतात. पुढची बरीचशी सॉफ्टवेअर तिच्यात आयती सापडतात.

आयएसओच्या शेजारी एक फोल्डर करा, विंडोज धडपणे चालू असतानाच्या कामांसाठी. इन्स्टॉल न करता चालणारी, म्हणजे पोर्टेबल, सॉफ्टवेअर त्यात ठेवायची. त्यातलं क्रिस्टलडिस्कइन्फो मी प्रत्येक मशिनवर सगळ्यात आधी उघडतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, हे सॉफ्टवेअर ती वाचून दाखवतं. वर निळा चौकोन म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध. पण नुसत्या रंगावर थांबू नका. हार्ड डिस्क असेल तर ०५ आणि सी५ या क्रमांकांच्या ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, सी५ म्हणजे वाचायला त्रास देणाऱ्या, निकालाची वाट बघणाऱ्या जागा. सी५ शून्याच्या वर असेल तर बोलणं बंद, कॉपी चालू. उलट सी७ वाढलेला असेल आणि बाकी सगळं शून्य, तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिच्या केबलचा असतो, आणि शे-दोनशे रुपयांत काम होतं. आकडे सोळाच्या पद्धतीत दिसतात, त्यामुळे '१०' वाचून दहा समजू नये, ते सोळा असतात.

दुसरं ऑटोरन्स. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं. विंडोजबरोबर आपोआप काय काय उठतं याची संपूर्ण यादी ते देतं. लॅपटॉप मुंगीच्या पावलानं चालू होत असेल तर उत्तर बहुधा इथं सापडतं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवायचा पर्याय लावा, म्हणजे यादी आटोक्यात येते. शंकास्पद नोंद पुसू नका, तिच्यापुढची खूण काढा आणि रीस्टार्ट करून बघा. खूण परत लावता येते. व्हायरस तपासायला मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर चांगला, पण तो उतरवल्यापासून १० दिवसांनी बाद होतो, म्हणून साठवून न ठेवता गरजेच्या वेळी ताजा घ्यावा.

याच फोल्डरात एक गोष्ट नक्की ठेवा, ती म्हणजे आपल्या लॅपटॉपचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्याचे भाग चालवायला शिकवणारी छोटी सॉफ्टवेअर. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज टाकायला गेलं की 'कुठं टाकू?' या पडद्यावर डिस्कच दिसत नाही. यादी कोरी. माणूस समजतो, एसएसडी मेली. ती जिवंत असते, पण इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागं दडलेली असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून 'आयआरएसटी' नावाचा तो ड्रायव्हर आधीच उतरवून, झिपमधून बाहेर काढून ठेवलेला असेल तर त्याच पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' करून तो फोल्डर दाखवायचा. डिस्क क्षणात हजर. तसंच, नवी विंडोज टाकल्यावर वायफाय चालत नसेल तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळतं. बाकीचे ड्रायव्हर मग नेटवरून येतात.

आणि विंडोज परत टाकायला 'की' कुठून आणू, म्हणून कुणी क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटर शोधत बसू नये. लॅपटॉप विंडोज १० किंवा ११ सकट घेतलेला असेल तर परवाना त्या मशिनशीच बांधलेला असतो. होमच्या जागी होम, प्रोच्या जागी प्रो टाकली आणि नेट जोडलं की ती आपोआप चालू होते. असल्या ॲक्टिव्हेटरांतून काय काय घरात शिरतं हे पाहिल्यावर पेनड्राइव्हवर त्यांना जागा देऊ नये असंच माझं ठाम मत आहे. सगळं सॉफ्टवेअर मूळ साइटवरूनच घ्या, आणि साइटनं दिलेला एसएचए-२५६ चा आकडा, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, उतरवलेल्या फाइलशी ताडून पाहा. झिप फायली उघडणारं सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर माउसच्या उजव्या कळीच्या मेन्यूतच ती सोय असते. मूळ साइट म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटचीच साइट फोडून काही काळ तिथून छेडछाड केलेली आयएसओ वाटली गेली होती.

दुरुस्तीचा पेनड्राइव्ह स्वतःच रोग पसरवू शकतो. शॉर्टकट व्हायरस बहुतेकांनी पाहिलेला असेल: झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणली आणि पेनड्राइव्हवरच्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. खरे फोल्डर जात नाहीत, व्हायरस ते लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढं ठेवतो. त्यावर क्लिक केलं की फोल्डरही उघडतो आणि व्हायरसही चालतो. असा पेनड्राइव्ह लिनक्समध्ये उघडा. विंडोजची लपवालपवी तिथं चालत नाही, खरे फोल्डर सरळ दिसतात. यातून घ्यायचे नियम दोन. दुरुस्तीचा पेनड्राइव्ह प्रिंट काढायला न्यायचा नाही. आणि ज्या मशिनवर व्हायरसचा संशय आहे, त्याची विंडोज चालू असताना तो लावायचा नाही. मशिन बंद, पेनड्राइव्ह आत, मग पेनड्राइव्हवरूनच चालू.

दुसऱ्याच्या लॅपटॉपला हात लावताना मालक शेजारी बसलेला असावा. या साधनांनी पासवर्ड नसतानाही फायली दिसतात, आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येतं. 'सहज बघत होतो' हे तिथं कारण होत नाही.

काही वेळा पेनड्राइव्ह खिशातच राहू द्यावा. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती यांत्रिक मोडतोड आहे, लगेच बंद करा. आतलं महत्त्वाचं असेल तर डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेतच द्या, कारण प्रत्येक वेळी चालू केल्यानं तिच्या तबकड्यांवर आणखी ओरखडे उठू शकतात. कीबोर्डवर चहा सांडला असेल तर चार्जर काढा, मशिन बंद करा, आणि उघडून साफ करणाऱ्याकडे न्या. बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला दिसला तर चार्जिंगलाही लावू नका.

पेनड्राइव्ह करून कप्प्यात टाकला आणि तीन वर्षांनी काढला, तर तो चालेलच असं नाही. सिक्युअर बूट ज्यांच्या आधारे सह्या ओळखतं ती मायक्रोसॉफ्टची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य व्हायला लागतात आणि त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रं घेत आहेत. मुदत संपली म्हणून जुना पेनड्राइव्ह त्या दिवशी बंद पडत नाही. पण सुरक्षेच्या अपडेटनं एखाद्या मशिनवर जुन्या सह्या रद्दच केल्या, तर जुनी विंडोज आयएसओ तिथं चालू व्हायला नकार देईल. म्हणून सहा महिन्यांनी एकदा व्हेंटॉय अपडेट करा, आयएसओ नव्या घ्या आणि त्यातली प्रत्येक आपल्या धडधाकट लॅपटॉपवर मेन्यू येईपर्यंत चालू करून पाहा. बूट मेन्यूची कळ कुठली तेही तेव्हाच पेनड्राइव्हला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवता येतं. घरात दोन कंपन्यांचे लॅपटॉप असतील तर दोन्हींच्या कळा लिहा.